जागरण आणि नोंद

पनवेल हे मूळचे वाटेवरचे गाव. आगगाडी होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला सावकार असो, सरदार असो, कंपनी सरकारचा साहेब असो वा गाठोडे खांद्यावर टाकलेला साधा वाटसरू असो, तो पडावात बसून खाडीने पनवेल बंदरास उतरे, येथे गाडी ठरवी आणि १८३० साली चाकांच्या वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटाच्या सडकेने घाटमाथा गाठी. गाड्या आणि गाड्यांची चाके घडविण्याच्या धंद्याने या गावाचे नाव झाले ते याच कारणाने, आणि १८६३ साली लोहमार्ग कर्जतच्या अंगाने घाट चढून गेल्यावर बंदराचा डौल उतरला तोही याच कारणाने. या बंदराचा व्यापार, १८४९ साली उभे राहिलेले बेने इस्रायलांचे बेथ एल प्रार्थनामंदिर, १८५२ साली स्थापन झालेली आणि राज्यातील अगदी जुन्यांपैकी असलेली म्युनिसिपालिटी, शेजारच्या शिरढोणात जन्मलेले वासुदेव बळवंत फडके, या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या गावात व याच्या आसमंतात आजारी माणसाच्या उशाशी कोण बसत असे, काय जाणून बसत असे, आणि त्याचे जाणणे खरे की खोटे याची शहानिशा कोणी व कशी केली, याचे दप्तर कोणत्याही कचेरीत सापडावयाचे नाही.

शुश्रूषा ही दयेच्या आणि सेवाभावाच्या सदरात टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती ज्ञानाची एक शाखा आहे व तिलाही पुराव्याची गरज असते, हे सुशिक्षितांच्या ध्यानी फार उशिरा आले. वस्तुतः आजाऱ्याविषयीचे अर्धे अधिक ज्ञान रात्री मिळते. ताप केव्हा चढला, श्वास केव्हा धापेचा झाला, हातपाय केव्हा गार पडले, हे जो जागा असतो त्यालाच कळते. दुर्दैव एवढेच, की आपल्या समाजात जागणारा एक आणि लिहिणारा दुसरा अशी वाटणी शतकानुशतके चालत आली. जेथे जेथे ही वाटणी मोडली, तेथे तेथे आजाऱ्याच्या खोलीतील एखादी रूढी उलथून पडली. पनवेलपासून चार दिशांना नजर टाकली तर याची उदाहरणे हाताशी आहेत.

पनवेलला वैद्यकाची परंपरा नवी नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथे श्री धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला आणि काढे, आसवे, भस्मे घरच्या खलबत्त्यातून बाहेर काढून बाटलीत व बाजारात आणली. ज्या शास्त्राच्या आधारे ही औषधे बनत होती, त्या शास्त्राने शुश्रूषेला गौण लेखलेले नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चरकाने सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जो जवळ उभा असतो तो. त्याच्या अंगी चार गुण असावेत अशी चरकाची अपेक्षा आहे: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रीती आणि शुचिता. यांत ज्ञानाला प्रथम स्थान आहे आणि प्रीती त्याच्यामागून येते, हे आपल्या सेवाभावी व्याख्यात्यांनी नीट पाहावे. त्याच ग्रंथात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी परीक्षेची चार साधनेही दिली आहेत. म्हणजे एकीकडे उपस्थात्याचे पद आणि दुसरीकडे प्रमाणांची चर्चा, अशा दोन्ही गोष्टी घरात होत्या. त्यांची सोयरीक मात्र कोणी जुळविली नाही. प्रमाणांची चर्चा पाठशाळेत राहिली, आणि उपस्थात्याचे काम घरातील सुनांवर व गावातील सुइणीवर पडले.

सुइणीविषयी लिहिताना दोन्हीकडचा तोल सांभाळणे अवघड जाते. तिला अडाणी व घाणेरडी ठरविणारे सरकारी अहवाल एका बाजूस आहेत आणि तिच्या हातगुणाचे गोडवे गाणारे अलीकडचे लेखक दुसऱ्या बाजूस आहेत. खरी गोष्ट अशी, की अनेक गावी ही बाई ज्या जातीतील असे त्या जातीला एरवी ओटीवरसुद्धा मज्जाव असावयाचा, आणि तरी घराण्याचा वंश तिच्याच हातांवर उतरावयाचा. बाळंतिणीच्या काळोख्या खोलीत शेगडी पेटलेली, ओवा व बाळंतशोपा यांची धुरी चाललेली, नाळ विळ्याने कापलेली आणि बेंबीवर राख दाबलेली, पहिला चीक पिळून टाकून बाळाच्या तोंडाला गुळाचे पाणी लावलेले, अशी ही रीत होती. यातले शेकणे सुखाचे होते आणि चोळणे कौशल्याचे होते. परंतु विळा आणि राख यांतून धनुर्वात येत होता, आणि टाकून दिलेला चीक हे बाळाचे पहिले संरक्षण होते. सुइणीला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे सोपे आहे. ते तिला ठाऊक व्हावे तरी कोणत्या मार्गाने? आठवड्याभराने दगावलेले मूल तिच्या हिशेबात येतच नव्हते. सोयर फिटले की तिचा संबंध संपे.

तथापि धोक्याचे दिवस कोणते, हे समाजाला नेमके ठाऊक होते. पाचवीला आणि सटीला जागरण करावयाचे, पाटावरवंट्याची पूजा मांडावयाची, बाळाला एकटे ठेवावयाचे नाही, असा दंडक कोकणात व देशावर घरोघर पाळला जाई. आजचे वैद्यकही हेच सांगते, की नवजात बालकाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो आणि नाळेच्या जखमेतून शिरलेला धनुर्वात याच सुमारास डोके वर काढतो. म्हणजे शेकडो पिढ्यांच्या दुःखातून समाजाने दिवस बरोबर हेरले होते आणि पहारा बसविला होता. त्या पूजेत सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवण्याचीही रीत आहे, कारण ती रात्री येऊन बाळाचे भविष्य लिहिते. जागे असलेल्या बायांपैकी कोणीही त्या कागदावर काही लिहावयाचे नसे. मला या रूढीचा उपहास करावयाचा नाही. निरीक्षण बरोबर, पहारा बरोबर, आणि नोंद मात्र देवतेवर सोपविलेली, असे हे आपल्या जुन्या शुश्रूषेचे चित्र आहे.

युरोपातही फार निराळी स्थिती होती असे कोणी समजू नये. व्हिएन्नाच्या प्रख्यात प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील अकरांहून अधिक बाळंतिणी ज्वराने मेल्या आणि दुसऱ्यात तिघींहून कमी. इग्नाझ सेमेलवाइसने हा फरक आकड्यांनिशी मांडला, प्रेतविच्छेदन करून आलेले हात हेच त्याचे कारण ठरविले, आणि १८४७ साली क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा पहिल्या विभागातील मृत्यू दुसऱ्याच्या पातळीवर आले. या कथेत सेमेलवाइसचे नाव सर्वतोमुखी झाले. सुइणींचा विभाग जर शेजारी नसता तर त्याला तुलना करावयास काहीच मिळाले नसते, ही बाब मात्र सहसा कोणी बोलत नाही.

तुलनेचे हे शास्त्र आपल्या मुलखात आले ते प्लेगाच्या पावलांनी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि पुढील काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून मिळेल त्या वाटेने कोकणात व घाटावर पांगली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच्या जोरावर झडत्या, छावण्या, सक्तीची इस्पितळे यांचे जे सत्र सुरू झाले, त्याने लोकांच्या मनात इस्पितळ या नावाविषयीच दहशत बसली. त्याच साली १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसर भागात उघडलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणीत होत्या. शुश्रूषेच्या इतिहासात याहून उंच नाव महाराष्ट्रात नाही.

त्याच दिवसांत वाल्डेमार हाफकिन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगाची लस बनवीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचून, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरे या गावी तर प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली गेली. लस न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला व २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला व ३ मेले. एकाच छपराखाली, एकाच पाण्यावर, एकाच उंदरांच्या सोबतीत राहणारी माणसे अशी दोन भागांत वाटून पाहण्याची ही कल्पना क्रूर वाटते. परंतु त्या काळी लसीविषयी ज्या वावड्या उठत होत्या, त्यांना दुसरे कोणतेही उत्तर देता आले नसते. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. तिचे नाव या लेखात पुन्हा यावयाचे आहे.

परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो अन्यत्र सविस्तर मिळतो. जे. जे. रुग्णालयात १८९१ साली शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते, मिरजेस डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाने शाळा काढली, आणि रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवा व परित्यक्ता मुली ससून रुग्णालयात शिकावयास पाठविल्या, तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या त्या दिवसांत परक्या पुरुषाची जखम धुणे हे ब्राह्मण घरातील मुलीचे काम असू शकते काय, यावर बरेच वादळ झाले. या सर्व शाळांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची छाया होती. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या बाईच्या हातात दिवा दिला तो कायमचा. तिच्या दुसऱ्या हातातील कोष्टके कोणी दाखविली नाहीत. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल रुग्णांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक मरत होते; मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन येऊन गटारे उपसली गेली, हवा खेळती झाली, आणि उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण दोघांवर उतरले. घरी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने हे आकडे मांडले, तेव्हा नुसती माया व आहार यांनी काम भागत नाही, इमारतच रोग्याला मारते, हा निष्कर्ष तिने जगापुढे ठेवला. हिंदुस्थानात ती कधीही आली नाही. परंतु येथील गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू होतात हे १८६३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातून उजेडात आणण्यामागे तिचीच लेखणी होती.

या मालिकेत एका कोकणी नात्याच्या बाईंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील डॉ. जेरुशा झिराड या १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. त्यांनी मुंबई शहरातील बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांचा तपास करून १९४१ साली अहवाल प्रसिद्ध केला. बाळंतीण दगावली म्हणजे नशीब फुटले, असे म्हणून जेथे पडदा पडत होता, तेथे एका बाईने प्रत्येक मृत्यूला चौकशीचा विषय बनविले. कामा रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा मला हे काम मोठे वाटते.

परिचारिकांनी शिस्त घेतली, तशा रूढीही घेतल्या. खिळून पडलेल्या रोग्याच्या पाठीवर व माकडहाडावर स्पिरिट चोळून वर पावडर लावण्याची जी रीत आपल्या प्रत्येक वॉर्डात पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिचा आधार विचारला असता ‘सिस्टरांनी शिकविले’ याखेरीज उत्तर नव्हते. लंडनच्या व्हिटिंग्टन रुग्णालयात डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ साली तो प्रसिद्ध केला. कातडीला काय लावले याने शय्याव्रण टळत नाही, रोग्याला वेळच्या वेळी कुशीवर वळविले तर टळते, असे त्यात दिसून आले. कोणाला व्रण होण्याचा संभव अधिक हे आधीच ओळखण्याची तिने बनविलेली गुणपद्धती आजही वापरात आहे. प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढण्याची व एनिमा देण्याची चालही अशीच. १९२२ पासून अधूनमधून झालेल्या तुलनांत तिचा फायदा आढळला नाही, आणि तरी ती वस्तरा धरून बसली. पुराव्याने रूढी मरते असे मानणाऱ्यांनी एखाद्या लेबर रूममध्ये चौकशी करून पाहावी.

पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगराकडे जाताना नेरे हे गाव लागते. तेथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग्याची बोटे व पावले झडतात ती रोगाच्या जंतूमुळे कुजून झडतात, असे केवळ लोकच नव्हे तर डॉक्टरही मानीत होते, आणि त्यामुळे जखमेवर पट्टी बांधण्यापलीकडे शुश्रूषेला काम उरत नव्हते. ही समजूत मोडली ती दक्षिणेत वेल्लोर येथे. १९४६ साली तेथे रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी बधिर हातापायांच्या जखमा प्लास्टरमध्ये बांधून विश्रांत ठेवल्या आणि त्या इतर कोणाच्याही जखमांप्रमाणे भरून आल्या. मग जखमा होतात तरी कशा, याचा एकेक करून माग काढण्यात आला. कोणी तापलेले भांडे उघड्या हाताने उचलतो, कोणी चपलेत खिळा शिरलेला असताना मैलभर चालतो, कारण वेदना हा जो शरीराचा चौकीदार, तोच जागेवरून उठून गेलेला असतो. काहींची बोटे मात्र रात्रीतून नाहीशी होत. याचा उलगडा होईना, तेव्हा रात्रीचा पहारा ठेवला गेला आणि दिसले ते असे, की निजलेल्या रोग्यांची बोटे उंदीर कुरतडत आहेत व रोग्यांना जागच येत नाही. वसतिगृहातून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची चाल तेथे पडली ती यातून. रोज पाय पाण्यात भिजविणे, तेल लावणे, तळवा डोळ्यांनी तपासणे, मऊ रबराची चप्पल घालणे, ही जी कुष्ठरोग्याच्या शुश्रूषेची आजची पद्धती आहे, आणि जिच्यातील पाहणीचा व चपलेचा भाग मधुमेहाच्या रुग्णालाही हल्ली शिकविला जातो, तिच्या मुळाशी असे जागरण आहे.

आता याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे वळू. पनवेलहून गोव्याची सडक पेण, नागोठणे, माणगाव ओलांडून महाडला पोहोचते. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, १९८१ च्या आरंभापासून ते रायगड झाले. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणाच्या जांभ्या दगडाच्या फटींत, शेणींच्या ढिगात, लाकूडफाट्यात आणि भाताच्या पेंढ्यात लाल विंचू असतो. काळी धिप्पाड इंगळी पाहून माणसे ओरडत पळतात. परंतु जीव घेतो तो हा चणीने लहान, तांबूस विंचू. चैत्र-वैशाखात आणि पावसाळा सरताना कापणीच्या सुमारास त्याचे दंश वाढतात. चावलेले मूल संध्याकाळी आणावे, प्रथम मांत्रिकाकडे नेऊन मग आणावे, त्याला दरदरून घाम सुटलेला असावा, आणि पहाटेपर्यंत तोंडाला गुलाबी फेस येऊन ते मरावे, हा तेथला नित्याचा प्रकार होता. डॉक्टरी पुस्तकांत विंचवाला दोन-चार ओळींहून अधिक जागा नव्हती. कोणी ॲट्रोपिन देत, कोणी हिस्टामीनविरोधी औषधे व स्टेरॉइड देत, कोणी गुंगीच्या औषधांचे मिश्रण टोचीत. रोगी जगला तर औषधाने आणि मेला तर विषाने, असा सर्वांना सोयीचा हिशेब चालत होता.

बावस्करांनी नवीन असे काय केले, तर ते रोग्याजवळ बसले आणि दर काही वेळाने जे दिसले ते लिहीत गेले. नाडी, रक्तदाब, श्वासांची गती, हातापायांचा स्पर्श, घाम, उलटी, लाळ, पुरुष रुग्णांत आपोआप होणारे शिश्नोत्थान. या लक्षणांचा क्रम अनेक रुग्णांत जुळत गेला तेव्हा ध्यानी आले, की हे विष वेदनेने मारीत नाही. ते शरीरातील स्वयंचलित मज्जासंस्थेत वादळ उठविते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोणता रोगी पुढे अत्यवस्थ होणार हे पहिल्या काही तासांतच उलटी, घाम आणि गार हातपाय सांगतात, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने छापले. एक्स-रे, प्रयोगशाळा, हृदयरोगतज्ज्ञ यांपैकी काहीही जवळ नसताना ग्रामीण भागात बसून केलेले हे काम जगातील उत्तम वैद्यकीय पत्राने स्वीकारावे, याचा अभिमान वाटतो तो कोकणाचे नाव झाले म्हणून तितका नाही, जितका साधने कोणती वापरली म्हणून. डोळे, तळहात, घड्याळ आणि वही.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध बाजारात आले होते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह बावस्करांनी ते विंचूदंशात वापरले आणि १९८६ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पूर्वी अत्यवस्थ रुग्णांत शंभरी पंचवीस-तीस मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखांत दिसते. शुश्रूषेच्या दृष्टीने या उपचाराचे स्वरूप फार बोलके आहे. ही पोटात घ्यावयाची स्वस्त गोळी. ती दर तीन तासांनी द्यावयाची. किती वेळ? तर हातपाय उबदार होईपर्यंत. रोग्याला उचलून बसवावयाचे नाही, चालवावयाचे नाही, कारण रक्तदाब एकदम उतरून तो कोसळेल. म्हणजे औषध डॉक्टराने लिहून दिले तरी ते पुरे झाले की नाही हे ठरविणार तो परिचारिकेचा तळहात. आडगावच्या केंद्रात रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरला करता येईल असा हा उपचार आहे, आणि म्हणूनच तो पसरला.

पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष हाफकिनच्या मुंबईतील संस्थेच्या कारखान्यात तयार होऊ लागले. येथे एखाद्याने आपल्या प्राझोसिनचा अभिमान धरून प्रतिविषाकडे पाठ फिरविली असती. बावस्करांनी उलट महाडमध्ये ७० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले; ३५ जणांना नुसते प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ३२ निघाले आणि पहिल्या गटात ८. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये आला. स्वतः शोधलेल्या उपायाला स्वतःच दुसऱ्या उपायाशेजारी उभे करून मोजणे, हे फार थोड्यांना साधते. सभासंमेलनांतून जे सत्कार होतात त्यांत या गोष्टीचा उच्चार मी क्वचित ऐकला आहे.

परंतु येथेही लिहिणारा डॉक्टरच होता. जागणाऱ्या बाईच्या हाती लेखणी देण्याचे काम राज्याच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनिया ओळखावयाचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि दाईला तर शंभरापर्यंत अंक येत नाहीत. तेव्हा मण्यांची तार व मिनिटाची वाळूची घटिका असे साधन त्यांनी तिच्या हाती दिले. पुढे ३९ गावांत निवडलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकविण्यात आली: वजन करणे, ऊब देणे, श्वास सुरू करून देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे. प्रत्येक भेटीची नोंद कागदावर होई आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली जाई. नवजात बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस २५ च्या आसपास आले; १९९९ च्या डिसेंबरात हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. जी कामे करावयास मोठ्या इस्पितळाची काचेची पेटी लागते असे मानले जात होते, ती झोपडीत झाली.

या पुराव्याचा प्रवास पुन्हा पनवेलपर्यंत येतो. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची योजना देशभर लागू झाली आणि आशा कार्यकर्तीने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्याव्यात असा नियम ठरला. पनवेल आता महानगरपालिका झाले, त्याच्या सभोवार मजल्यांवर मजले चढले. पण डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत तेथे आजही हा नियम पाळावयाचा म्हणजे पायवाट तुडवावी लागते. आशा बाळाचे वजन करते, तापमान पाहते, घड्याळ समोर धरून पुरे मिनिटभर श्वास मोजते, आणि ते साठ वा त्याहून अधिक भरले तर बाळाला दवाखान्यात पाठविण्यास सांगते. हे सर्व ती छापील तक्त्यात भरते. तक्त्यांचा गोषवारा तालुक्याला जातो, तालुक्याचा जिल्ह्याला.

गडचिरोलीच्या पुराव्याचा एक भाग मात्र या योजनेबाहेर राहिला. तेथे जे इंजेक्शन गावातील बाईने दिले होते, आणि ज्याची एकेक नोंद प्रसिद्ध झाली होती, ते आशेच्या हाती देण्यास सरकार व डॉक्टरमंडळी राजी झाली नाहीत. २०१४ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा काही विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती उपकेंद्रातील एएनएम सिस्टरला. आशेने लक्षण ओळखावयाचे आणि गाडीची वाट पाहावयाची, अशी तजवीज आजमितीस कायम आहे.